वीस वर्षांची टिपणे, तेरा महिन्यांचे पुस्तक

प्रस्तावना

पुस्तक लिहिणे म्हटले की विचारात गढलेला, हाती लेखणी घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याच्या पाठीमागे असलेले कपाट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गोळा केलेली माहिती कोठे ठेवायची, हवी तेव्हा ती कशी सापडायची, कोणता कागद कोणत्या प्रकरणात जायचा, हे प्रश्न लहानमोठ्या प्रत्येक लेखकापुढे उभे राहतात. ज्याला त्यांची उत्तरे सापडत नाहीत, त्याचे पुस्तक बहुधा टिपणांच्या ढिगाखालीच राहून जाते.

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) हा इंग्लंडमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ. ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा त्याचा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. सजीवांच्या जाती आज दिसतात तशाच मुळात निर्माण झालेल्या नाहीत, तर पूर्वीच्या जातींपासून हळूहळू बदलत आल्या आहेत आणि या बदलामागे नैसर्गिक निवड हे मुख्य कारण आहे, असे त्याने त्यात मांडले. हा सिद्धान्त तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात अभ्यासालच. प्रस्तुत पाठात त्या ग्रंथाच्या लेखनाची हकीकत आहे. डार्विन काही जन्मतः व्यवस्थित नव्हता. व्यवस्थितपणा त्याला शिकावा लागला, आणि त्या शिक्षणाचा आरंभ एका चुकीतून झाला.

चिठ्ठीवाचून पक्षी

डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ हे जहाज इंग्लंडहून जगप्रवासाला निघाले, तेव्हा डार्विन बावीस वर्षांचा होता. जवळजवळ पाच वर्षे चाललेल्या या प्रवासात त्याने खडक, जीवाश्म, कीटक, वनस्पती, पक्षी असे असंख्य नमुने गोळा केले. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १८३५ मध्ये जहाज प्रशांत महासागरातील गालापागोस बेटांजवळ होते. त्यांपैकी चार बेटांवर डार्विन उतरला. तेथे त्याने फिंच जातीचे छोटे पक्षी टिपले, त्यांची कातडी भरून ठेवली. परंतु कोणता पक्षी कोणत्या बेटावर मिळाला, हे बहुतेक पक्ष्यांच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेच नाही.

यात निव्वळ आळस नव्हता. ही बेटे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. त्यांचा खडक सारखा, हवा सारखी. मग एका बेटावरचे प्राणी दुसऱ्या बेटावरच्या प्राण्यांहून वेगळे असतील, अशी शंका त्याला येणार तरी कशी? कासवाची पाठ पाहून ते कोणत्या बेटावरचे आहे हे आपण सांगू शकतो, असे तेथील एका अधिकाऱ्याने त्याला सांगितलेही होते. त्या बोलण्याकडे त्याने त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही. मॉकिंगबर्ड या पक्ष्याच्या बाबतीत मात्र त्याला बेटाबेटांमधला फरक जाणवला आणि त्या नमुन्यांवर त्याने बेटांची नावे नोंदवली.

प्रवासाहून परतल्यावर जानेवारी १८३७ मध्ये लंडन येथे जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते पक्षी तपासले. डार्विनने ज्यांना वेगवेगळ्या कुळांतले मानले होते, ते सारे एकमेकांचे जवळचे नातलग असलेले फिंच आहेत, असा निर्वाळा गूल्डने दिला. आता एकच प्रश्न महत्त्वाचा ठरला : यांतला कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा? आणि नेमके हेच चिठ्ठ्यांवर नव्हते. अखेर जहाजाचा कप्तान फिट्झरॉय, त्याचा सेवक फुलर आणि स्वतः डार्विनचा मदतनीस कव्हिंग्टन यांनी जमवलेल्या पक्ष्यांचा डार्विनला आधार घ्यावा लागला. त्यांच्या पक्ष्यांवर बेटांची नोंद होती! शास्त्रज्ञाने जे केले नाही, ते कप्तानाच्या सेवकाने केले होते. तरीही सगळा गोंधळ निस्तरला नाहीच. आपल्या प्रवासवर्णनाच्या १८४५ च्या आवृत्तीत फिंच पक्ष्यांचे बहुतेक नमुने एकमेकांत मिसळून गेल्याची खंत डार्विनने व्यक्त केली आहे.

गालापागोसचे फिंच पाहताच डार्विनला आपला सिद्धान्त सुचला, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. ते पक्षी पाहताना त्याला काहीच सुचले नव्हते. जे सुचले ते पुढे लंडनमध्ये, इतरांच्या चिठ्ठ्या वाचताना.

वही आणि कात्री

जुलै १८३७ मध्ये डार्विनने जातींच्या बदलाविषयी विचार नोंदवण्यासाठी एक छोटी वही उघडली. पुढील दोन वर्षांत तिच्यामागून आणखी वह्या आल्या. प्रत्येक वहीला त्याने एकेक इंग्रजी अक्षर दिले होते. सुचेल ते, वाचेल ते, कोणाकडून ऐकेल ते तो त्यांत उतरवीत असे. एका पानावर कुत्र्यांच्या जातींविषयी प्रश्न, दुसऱ्यावर जीवाश्म, तिसऱ्यावर एखाद्या बागवानाने सांगितलेली गोष्ट. पहिल्याच वहीत झाडाच्या फांद्यांसारखे एक साधे रेखाचित्र आहे. एका जातीपासून अनेक जाती कशा फुटल्या असतील, हे त्याने त्यातून स्वतःलाच समजावून सांगितले होते.

अशी वही विचार करण्यास उत्तम; पुस्तक लिहिण्यास मात्र अडचणीची. वहीतला क्रम तारखांचा असतो, तर पुस्तकाला क्रम लागतो विषयांचा. कबुतरांवर प्रकरण लिहायला बसलेल्या माणसाला कबुतरांविषयीची वाक्ये चार वह्यांच्या वीस पानांवर विखुरलेली आढळतात आणि त्याचा अर्धा दिवस पाने उलटण्यातच जातो. डार्विनने यावर काढलेला तोडगा धीट होता. त्याने कात्री घेतली. वह्यांतली उपयोगी पाने कापून काढली आणि विषयवार लावलेल्या जाड कागदाच्या फाइलींमध्ये टाकली. उपयोगाची सर्व पाने कापून घेतली, अशी डिसेंबर १८५६ ची नोंदही त्याने एका वहीवर करून ठेवली आहे. आज या वह्या पाहणाऱ्याला मधूनमधून नुसत्या कापलेल्या कडा दिसतात. वही जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, असे मानणाऱ्या माणसाच्या त्या वह्या आहेत.

फाइलींची संख्या वाढत गेली. १८४४ साली तपकिरी कागदाच्या आठ-दहा फाइली होत्या. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्याने हा आकडा तीस ते चाळीस असा सांगितला आहे. कपाटाच्या फळ्यांवर विषयांची नावे चिकटवलेली असत. एखादा सुटा कागद हाती आला की तो त्याच क्षणी आपल्या फाइलीत जाई. ‘नंतर लावू’ म्हणून ठेवलेला कागद पुन्हा सापडत नाही, हे फिंचच्या चिठ्ठ्यांनी त्याला शिकवलेच होते.

पुस्तकांच्या बाबतीतही त्याची एक ठरलेली रीत होती. स्वतःच्या मालकीचे पुस्तक असेल तर वाचता वाचता तो समासात खुणा करी आणि शेवटच्या कोऱ्या पानावर कामाच्या पृष्ठांची छोटी सूची करी. पुस्तक दुसऱ्याचे असेल तर त्यातील उपयुक्त मजकुराचा सारांश वेगळ्या कागदावर उतरवून घेई. अशा सारांशांनी एक मोठा खण भरला होता. वाचायची राहिलेली पुस्तके एका फळीवर असत. वाचून झालेली, पण नोंदी करायची राहिलेली पुस्तके दुसऱ्या फळीवर असत. न वाचलेल्या पुस्तकांकडे पाहून तो उसासे टाकी, असे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने आठवणींत लिहिले आहे.

पुस्तकांविषयी त्याला फाजील आदर नव्हता. एखादा ग्रंथ जाड असला तर हातात धरणे सोपे जावे म्हणून तो सरळ त्याचे दोन तुकडे करी. लहान पुस्तिकांतली कामाची तेवढी पाने ठेवून बाकीची तो फाडून टाकी. ग्रंथालयातील पुस्तकाच्या बाबतीत ही रीत अर्थातच कोणी गिरवू नये.

या फाइलींमध्ये येणारे कागद केवळ इंग्लंडमधले नव्हते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ हा १८५५ पासून डार्विनला भारतातील पाळीव प्राणी आणि पक्षी यांविषयी लांबलचक पत्रे लिहीत असे. मद्रासचे वॉल्टर एलियट यांनी कबुतरांची कातडी पाठवली. अकबर बादशहाला कबुतरांचा मोठा षौक होता आणि दरबाराबरोबर वीस हजारांहून कमी कबुतरे कधीच नसत, ही ‘आइने-अकबरी’तील माहितीही ‘ऑरिजिन’च्या पहिल्याच प्रकरणात आली आहे. माणूस निवड करून पाळीव प्राण्यांत कसा बदल घडवतो, हे सांगण्यासाठी तिचा उपयोग झाला. अशी एका ओळीची माहिती नेमक्या जागी येऊन बसते, ती लेखकाच्या स्मरणशक्तीमुळे क्वचितच. बहुधा ती कोठे ठेवली आहे हे त्याला ठाऊक असते म्हणून.

पाठगत प्रश्न
१. फिंच पक्ष्यांच्या चिठ्ठ्यांवर बेटांची नावे का लिहिली गेली नसावीत?
२. वहीतील क्रम आणि पुस्तकातील क्रम यांत कोणता फरक आहे?

एमाला लिहिलेले पत्र

जून १८४२ मध्ये डार्विनने आपल्या सिद्धान्ताचा ३५ पानांचा आराखडा पेन्सिलीने लिहून काढला. त्याच वर्षी तो पत्नी एमा आणि मुले यांच्यासह लंडन सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहायला गेला. १८४४ च्या उन्हाळ्यात त्या आराखड्याचा २३० पानांचा निबंध झाला. प्रकृती सतत बिघडत होती. आपण किती जगू याची त्याला खात्री वाटत नव्हती. ५ जुलै १८४४ रोजी त्याने एमाच्या नावे एक पत्र लिहून ठेवले. आपण अकस्मात मरण पावलो तर हा निबंध प्रसिद्ध करावा, त्यासाठी ४०० पौंड खर्चावे आणि एखाद्या जाणकाराकडून तो वाढवून घ्यावा, अशी त्यात विनंती होती. त्या जाणकाराला काय द्यायचे हेही स्पष्ट होते : खुणा केलेली आणि शेवटी पृष्ठांक टिपलेली पुस्तके, आणि तपकिरी फाइलींमधले सगळे कागद.

हे पत्र वाचताना त्या कपाटाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. फाइली केवळ लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हत्या. आपण नसताना परक्या माणसाने त्या उघडल्या, तर त्यालाही पुस्तक पुरे करता यावे, इतकी ती मांडणी स्पष्ट असणे आवश्यक होते. ज्या टिपणांचा अर्थ ती लिहिणाऱ्यालाच लागतो, ती त्याच्याबरोबरच संपतात.

सुदैवाने पत्र उघडण्याची वेळ आली नाही. पण पुस्तकही आले नाही. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे डार्विन समुद्रातील बार्नेकल या खडकांना चिकटून राहणाऱ्या जीवांच्या अभ्यासात गुंतला. हा विलंब टीकेच्या भीतीमुळे झाला की पुरावा भक्कम करण्याच्या इच्छेमुळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ९ सप्टेंबर १८५४ रोजी जातींविषयीची टिपणे लावण्यास प्रारंभ केला, अशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे. प्रत्यक्ष लेखन सुरू झाले ते मे १८५६ मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षे टिपणे लावणे, प्रयोग करणे आणि कबुतरे पाळणे यांत गेली.

नावडत्या नोंदी

डार्विनच्या सर्व सवयींमध्ये एक सवय विशेष मोलाची होती. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली किंवा मनात आली, की तो ती तत्काळ, न चुकता लिहून ठेवी. याचे कारणही त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. सोयीच्या गोष्टी मनात टिकून राहतात, गैरसोयीच्या मात्र लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता.

वरवर पाहता ही व्यवस्थितपणाची साधी बाब वाटते. पण पुस्तकाच्या दृष्टीने तिचा परिणाम फार मोठा झाला. ‘ऑरिजिन’चे सहावे प्रकरण सिद्धान्तापुढील अडचणींवर आहे. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव हळूहळू कसा घडला असेल? एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे नेणारी मधली रूपे सर्वत्र का दिसत नाहीत? हे आक्षेप विरोधकांनी घेण्यापूर्वी लेखकानेच मांडले आहेत. आपण ज्यांचा विचारच केला नव्हता असे आक्षेप पुढे फारच थोडे निघाले, याचे श्रेय तो याच सवयीला देतो. पुस्तकाचा भक्कमपणा असा नावडत्या कागदांतून आला. आपल्या बाजूचे कागद तर कोणीही जपतो.

जून १८५८

१८ जून १८५८ रोजी डार्विनला टपालाने एक जाडजूड पाकीट मिळाले. आग्नेय आशियातील बेटांवर प्राणी गोळा करीत हिंडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने पाठवलेला तो एक लेख होता. त्यात नैसर्गिक निवडीचाच विचार स्वतंत्रपणे मांडलेला होता. वॉलेसने तो सहजपणे, डार्विनचे मत घ्यावे म्हणून पाठवला होता. वीस वर्षे ज्या विचाराचा पुरावा गोळा केला, तो दुसऱ्याच्या लेखणीतून, थोडक्या पानांत, समोर उभा राहिला. डार्विनच्या त्या मोठ्या ग्रंथाची साडेदहा प्रकरणे तेव्हा लिहून झाली होती आणि शेवट अजून बराच दूर होता.

घरात त्याच दिवसांत लाल तापाची साथ शिरली होती. २८ जून रोजी डार्विनचा धाकटा मुलगा, दीड वर्षाचा चार्ल्स, मरण पावला. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल आणि सिक्कीमच्या हिमालयात हिंडून आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या मित्रांनी तोडगा काढला : वॉलेसचा लेख आणि डार्विनचे जुने लेखन विद्वत्सभेत एकत्र वाचावे. त्यासाठी जुने कागद लगेच हवे होते. पुत्रशोकात बुडालेल्या माणसाने २९ जूनच्या रात्री ते हूकरकडे पाठवले. त्यांत १८४४ चा निबंध होता आणि अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना सप्टेंबर १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राची राखून ठेवलेली नक्कल होती. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले. डार्विन तेथे उपस्थित नव्हता.

हे कागद त्या रात्री सापडले नसते तर काय झाले असते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्या मनःस्थितीत कोणालाही कपाटे उपसत बसणे शक्य नव्हते. वॉलेसवर अन्याय होऊ नये आणि आपले श्रमही पुसले जाऊ नयेत, अशा पेचात तो सापडला होता. आणि त्या पेचातून वाट काढण्यासाठी लागणारा पुरावा केवळ दोन तारीखवार कागदांत होता. वॉलेसचे दुर्दैव असे की, १८५२ मध्ये दक्षिण अमेरिकेहून परतताना जहाजाला आग लागून त्याच्या चार वर्षांच्या संग्रहाचा आणि टिपणांचा बहुतेक भाग समुद्रात नाहीसा झाला होता. तरीही तो पुन्हा प्रवासाला निघाला होता.

आता थांबून चालणार नव्हते. मोठा ग्रंथ बाजूला ठेवून त्याचा ‘सारांश’ लिहिण्याचे ठरले. तो सारांश वाढत वाढत चौदा प्रकरणांचा झाला. यासाठी तेरा महिने आणि दहा दिवस कठोर परिश्रम करावे लागले, असा हिशेब डार्विनने स्वतः मांडून ठेवला आहे. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती छापल्या होत्या आणि पुस्तकविक्रेत्यांनी पहिल्याच दिवशी त्या सगळ्या मागून घेतल्या. तेरा महिने हा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. पण ते तेरा महिने १८३७ पासून साठत आलेल्या कागदांवर उभे होते.

लिहिण्याची रीत

एखाद्या विषयाला हात घालण्यापूर्वी डार्विन पुस्तकांच्या शेवटी केलेल्या सगळ्या छोट्या सूची काढून त्यांची एक मोठी, वर्गवार सूची तयार करी. नंतर त्या विषयाच्या फाइली टेबलावर येत. मग दोन-तीन पानांचा अगदी ढोबळ आराखडा. त्यानंतर थोडा मोठा आराखडा, ज्यात एकेका शब्दामागे एकेक मुद्दा किंवा पुराव्यांची मालिका उभी असे. यातली शीर्षके तो वाढवी, हलवी, एका जागेवरून दुसरीकडे नेई. प्रत्यक्ष लेखन या सगळ्यानंतर.

पूर्वी तो प्रत्येक वाक्य मनात घोळवून मगच कागदावर उतरवीत असे. पुढे त्याने ती सवय सोडली. वाईट अक्षरात, निम्मे शब्द तोडून, पानेच्या पाने भराभर खरडायची आणि दुरुस्ती मागाहून सावकाश करायची, हे अधिक वेळ वाचवणारे आहे असे त्याला आढळून आले. पुष्कळदा असे खरडलेले वाक्य मुद्दाम रचलेल्या वाक्यापेक्षा चांगले निघे. खर्ड्यासाठी तो जुन्या हस्तलिखितांच्या पाठकोऱ्या बाजू वापरी. त्यानंतर गावातील शाळामास्तर त्याची स्वच्छ प्रत करून देत. तरीही मुद्रिते आली की ती पुन्हा काट्याकुट्यांनी भरून जात. ‘ऑरिजिन’च्या वेळी दुरुस्त्या इतक्या झाल्या की त्यांच्या खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी त्याने प्रकाशक जॉन मरे यांना कळवली होती.

कामाचे तास मात्र फार नव्हते. सकाळी आठ ते साडेनऊ हा त्याचा सर्वांत चांगला वेळ. मग पत्रे वाचणे, आणि पुन्हा साडेदहा ते बारा. दुपारी बाराच्या सुमारास दिवसाचे काम झाले म्हणून तो फिरायला निघे. आजारी माणसाला इतकेच पेलत होते. पण त्या तीन तासांत कागद शोधण्यात वेळ जात नसे.

इतकी शिस्त असूनही अपघात घडलेच. १८५९ मध्ये त्याने हस्तलिखिताचा काही भाग हूकरकडे तपासायला दिला. तो चुकून ज्या खणात गेला, त्यात हूकरच्या मुलांचे चित्रे काढण्याचे कागद असत. हे उघडकीस येईपर्यंत जवळजवळ पाव भाग मुलांनी फस्त केला होता! डार्विनजवळ जुना खर्डा होता, म्हणूनच निभावले. त्याच्या स्वतःच्या घरीही काही निराळे नव्हते. ‘ऑरिजिन’च्या मूळ हस्तलिखिताची जी थोडी पाने आज उरली आहेत, त्यांतील काहींच्या मागे डार्विनच्या मुलांनी रंगवलेली चित्रे आहेत. छापून झालेल्या हस्तलिखिताची किंमत घरात पाठकोऱ्या कागदाइतकीच होती. मुलांची चित्रे मात्र जपली गेली.

पत्रांच्या बाबतीत त्याची व्यवस्था अगदीच तोकडी होती. आपल्याकडे दुकानदार बिले तारेत टोचून ठेवतात, तशी आलेली पत्रे तो सळयांमध्ये टोचून ठेवी. सळया थोड्याच होत्या. त्या भरल्या की कित्येक वर्षांची पत्रे जाळून तो सळया मोकळ्या करी. त्यामुळे १८६२ पूर्वी त्याला आलेली बहुतेक पत्रे नाहीशी झाली. दहा-वीस सळया आणखी विकत घेतल्या असत्या तर केवढा ठेवा वाचला असता! पण त्या काळी त्याच्या लेखी पत्र म्हणजे माहितीचे वाहन होते. माहिती फाइलीत गेली की पत्राचे काम संपले.

डार्विनचे जे कागद उरले, त्यांतील मोठा भाग आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. झाडाचे रेखाचित्र असलेली १८३७ ची वही आणि तिच्यानंतरची वही अशा दोन वह्या २००० साली छायाचित्रणासाठी तेथील दालनातून बाहेर काढण्यात आल्या. जानेवारी २००१ मध्ये तपासणी झाली, तेव्हा त्या जागेवर नव्हत्या. चुकीच्या फळीवर ठेवल्या गेल्या असतील, असे अनेक वर्षे मानले गेले. एक कोटी पुस्तके, नकाशे आणि हस्तलिखिते असलेल्या त्या इमारतीत शोधावर शोध झाले. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये त्या चोरीस गेल्या असाव्यात असे ग्रंथालयाने जाहीर केले. ९ मार्च २०२२ रोजी ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात न येणाऱ्या जागी, एक गुलाबी पिशवी कोणीतरी ठेवून गेले. ईस्टरच्या सणाच्या शुभेच्छांचे एक पाकीट तीत होते आणि पारदर्शक वेष्टनात गुंडाळलेल्या त्या दोन्ही वह्या होत्या. डार्विनने कापलेल्या पानांव्यतिरिक्त त्यांतले एकही पान गहाळ झालेले नव्हते.

शब्दार्थ
खर्डा – लेखनाचे पहिले, दुरुस्त न केलेले रूप
मुद्रिते – छपाईपूर्वी तपासण्यासाठी काढलेली पाने
पाठकोरा – एका बाजूला लिहिलेला, दुसरी बाजू कोरी असलेला (कागद)
अभिरक्षक – संग्रहालयातील वस्तूंची देखभाल करणारा अधिकारी
निर्वाळा – खात्रीपूर्वक दिलेले मत
फस्त करणे – संपवून टाकणे

स्वाध्याय
१. आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या नोंदी डार्विन तत्काळ का लिहून ठेवीत असे? या सवयीचा ‘ऑरिजिन’ला कोणता लाभ झाला?
२. एमाला लिहिलेल्या पत्रावरून टिपणे कशी असावीत याविषयी काय कळते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. डार्विनने पत्रे जाळली, पण वह्यांची कापलेली पाने जपली. या दोन कृतींमागील त्याच्या विचाराची चर्चा करा.
४. तुमच्या गावाचा, व्यवसायाचा किंवा कुटुंबाचा इतिहास तुम्हाला लिहायचा आहे असे समजा. त्यासाठी कोणत्या पाच फाइली कराल, त्यांना कोणती नावे द्याल आणि पहिल्या फाइलीत कोणता कागद ठेवाल, ते लिहा.